वाफेचं मशीन, ऑक्सिजन मशीन, सीपॅप: घरच्या घरी स्वच्छता आणि निगा (सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात आता गल्लोगल्ली एखाद्या घरी तरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन, नाहीतर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ऑक्सिजन मशीन असतंच. यंत्रमागावर उमेदीची वर्षं काढून कापसाची धूळ छातीत साठवलेले कामगार, तंबाखूच्या भुकटीत बसून विड्या वळणाऱ्या मावश्या, दमेकरी मुलं, झोपेत श्वास अडकणारी माणसं, सगळ्यांचा या यंत्रांशी संबंध येतो. मशीन घेताना दुकानात ते चालू कसं करायचं एवढं दाखवतात. धुवायचं कसं आणि सुकवायचं कसं, हे सांगायला कुणाला सवड नसते. ही यंत्रं भाड्याने देणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा पाण्यात, ओलाव्यात किंवा धुळीत सापडतं. घरी गेल्यावर आणि फोनवर जे प्रश्न हटकून विचारले जातात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

औषध कोणतं आणि किती, ऑक्सिजन किती लिटरवर, सीपॅपचा (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) दाब किती, हे डॉक्टरच ठरवतील. माझं उत्तर आणि तुमच्या मशीनची पुस्तिका यांत फरक दिसला, तर पुस्तिकेचं ऐका.

नेब्युलायझर प्रत्येक वेळी धुवायलाच हवा का? आत तर औषधच असतं.

हो, प्रत्येक वेळी. औषध संपलं असं वाटतं तेव्हाही कपाच्या तळाशी थोडं उरलेलंच असतं. ओल, ऊब आणि वरून झाकण, असं मिळालं की जंतू वाढायला वेळ लागत नाही. नेब्युलायझरमधून निघणारे औषधाचे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात. इतके बारीक असतात म्हणूनच ते फुप्फुसात खोलवर पोचतात. कपात जंतू असतील तर तेही त्याच थेंबांवर बसून आत जातात, नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू तर ओल्या प्लास्टिकवर सहज तग धरतो, आणि आधीच अशक्त झालेल्या फुप्फुसाला तो फार महागात पडतो.

एकदा कप उघडून आतला शंकूच्या आकाराचा भाग बोटाने चाचपून बघा. हवा याच्यावरच आपटते आणि औषधाचे तुषार होतात. तो बुळबुळीत लागला, तर तिथे जंतूंचा थर बसलाय असंच समजा.

धुण्याची पद्धत सोपी आहे. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. नळी काढून बाजूला ठेवा. उरलेलं औषध ओतून टाका, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. कप, शंकू आणि मास्क किंवा तोंडात धरायचा तुकडा, सगळं सुटं करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून मऊ ब्रशने किंवा बोटाने धुवा. तारेची घासणी अजिबात नको, तिने ओरखडे पडतात आणि मग त्या ओरखड्यांत घाण अडकून बसते. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, जोरात झटका आणि सुकायला ठेवा.

दिवसातून चार वेळा वाफ असेल तर चारही वेळा हे करायचं. जमत नसेल तर दोन किट ठेवा: एक वापरात, एक सुकत. किटला फार पैसे पडत नाहीत. हा खर्च टाळू नका.

किट उकळायचं का? किती वेळ?

साबणाने घाण निघते, जंतू मरतात असं नाही. त्यामुळे दिवसातून एकदा जंतू मारायची पायरी करावी, निदान एक-दोन दिवसांआड तरी. रोगी कर्करोगाचा, खूप म्हातारा, तान्हं बाळ किंवा वारंवार छातीत संसर्ग होणारा असेल तर रोजच. किटवर किंवा पुस्तिकेत उकळायला चालतं असं लिहिलं असेल तर स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाणी खळखळ उकळायला लागल्यावर ५ मिनिटं मोजा. तुकडे तळाला चिकटू देऊ नका, पाणी आटू देऊ नका. मास्कचं रबर आणि नळी उकळायची नाही.

उकळायला चालत नसेल तर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवून ठेवता येतं. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांच्या आसपासची असते. टक्के वाचा, आणि तसं असेल तर उकळून गार केलेलं तेवढंच पाणी मिसळा. त्यातून काढल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यानेच धुवा. जंतू मारून झाल्यावर नळाखाली धरलंत तर केलेलं सगळं वाया गेलं.

डेटॉल, सॅव्हलॉन, लिंबू किंवा व्हिनेगर चालेल?

डेटॉल, सॅव्हलॉन नाही. त्यांचा अंश प्लास्टिकला धरून राहतो आणि पुढच्या वाफेबरोबर श्वासात जातो. दमेकऱ्याला तेवढ्यानेही ढास लागू शकते. फिनेल आणि ब्लीचचं तर नावच नको.

पांढऱ्या व्हिनेगरने क्षाराचा थर आणि वास जातो, पण सगळे जंतू मरत नाहीत. सफाईसाठी वापरा, निर्जंतुक झालं असं मात्र समजू नका. लिंबाचा रस साखर आणि गर मागे ठेवतो, तो नकोच.

धुतल्यावर टॉवेलने पुसलं तर?

बाहेरून पुसा, आतून नको. सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याच्या फासांतून, विशेषतः नवा असताना, बारीक तंतू सुटतात. काळ्या कपड्यावर झटकून बघा, दिसतील. असा एक तंतू कपाच्या तळातल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात बसला की वाफ मंद होते. दहा मिनिटांचं औषध मग अर्धा तास चालतं, आणि लोक मशीन बिघडलं म्हणून घेऊन येतात. जुन्या धुतलेल्या पातळ सुती कपड्यावर तुकडे उपडे मांडा, वरून दुसरा पातळ कपडा टाका आणि पंख्याखाली ठेवा.

उन्हात नको. आपल्याकडे पापडापासून गादीपर्यंत सगळं उन्हात टाकायची सवय आहे, पण सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात मास्कचं रबर कडक होतं आणि प्लास्टिकला तडे जातात. शिवाय गच्चीवर धूळ बसते ती वेगळीच. सावलीत सुकवा, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं किट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा ते उघडं ठेवलेलं परवडलं.

नळीच्या आत पाणी दिसतं. ती धुवायची का?

मशीनपासून कपापर्यंतची बारीक नळी धुवायची नसते. एकदा आत पाणी गेलं की ते निघत नाही. आत दमटपणा दिसला तर कप काढून मशीन नुसतं दोन-तीन मिनिटं चालवा, हवेने नळी सुकते. आत काळे ठिपके, पिवळेपणा किंवा औषध साचलेलं दिसलं तर नळी बदला.

सलाईनची मोठी बाटली आणली आहे, त्यातून रोज थोडं घेतो. बरोबर आहे ना?

नाही. ही सवय मला सोलापुरात फार घरांत दिसते. १०० मिलीची सलाईनची बाटली एकदा टोचली, की त्यात जंतूंना थोपवणारं काही नसतं. तीच बाटली फ्रिजच्या दारात आठवडाभर, वर सुई तशीच खुपसलेली. ते पाणी स्वच्छ दिसतं, इतकंच. नेब्युलायझरसाठी सलाईनच्या छोट्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात. त्या फोडा, लागेल तेवढं घ्या, उरलेलं फेका. औषधाच्या कुपीचंही तसंच.

दोन्ही मुलांना एकच मशीन चालेल? शेजारी मागायला येतात, त्यांना द्यावं का?

मशीन एक चालेल. कप, मास्क आणि नळी प्रत्येकाची वेगळी, नाव लिहून ठेवलेली. शेजाऱ्यांना अडीनडीला मशीन द्या, पण किट त्यांचं त्यांना आणायला सांगा. घरात कुणाला टीबी असेल किंवा तसा संशय असेल तर मशीनही वेगळंच ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

नेब्युलायझरचा फिल्टर कुठे असतो?

मशीनच्या अंगावर छोटं गोल झाकण असतं, नखाने किंवा नाण्याने उघडतं. आत पांढरा स्पंज किंवा फेल्टचा तुकडा दिसेल. तो करडा झाला की बदलायचा, एरवी साधारण दोन महिन्यांनी. घराजवळ किंवा घरातच यंत्रमाग असतील तर महिन्याने बघा. तिथला फिल्टर करडा होण्याआधीच त्यावर कापसाची लव चढलेली असते. हा स्पंज धुऊन परत घालू नका.

मुलाला दम्याच्या पंपाबरोबर स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळकांडी) दिला आहे. तो कसा धुवायचा?

आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात थोडं लिक्विड घालून पंधरा मिनिटं बुडवा. आतून घासू नका आणि पुसू नका. प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतीला चिकटतं आणि मुलाच्या छातीत कमी जातं. उभा ठेवून निथळू द्या. झडप वाकडी झाली किंवा फाटली की स्पेसर बदला. पंपाची धातूची डबी काढून बाजूला ठेवा, फक्त प्लास्टिकचा भाग धुवा. कोरड्या भुकटीच्या कॅप्सूलचं यंत्र धुतलंत तर पूर्ण वाळेपर्यंत वापरू नका. ओल असेल तर भुकटीच्या गुठळ्या होतात.

स्टेरॉइडचं औषध घेतल्यावर चूळ भरून थुंका. मास्कने दिलं असेल तर तोंडही धुवा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

ऑक्सिजन मशीनच्या बाटलीत कोणतं पाणी घालायचं? आम्ही फिल्टरचंच घालतो.

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या शहरात सगळं इथेच अडतं. ऑक्सिजन या बाटलीतल्या पाण्यातून जाऊन ओलसर होतो आणि मग नाकात पोचतो.

सोलापूरकराला नळाचं पाणी रोज मिळण्याची सवय नाही. काही दिवसांआड पाणी येतं, पिंपात, हंड्यात, टाकीत भरून ठेवलं जातं. उजनीचं पाणी घरी पोचतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं, पण साठवून ठेवलं की तो उडून जातो. शेवटच्या दिवसाचं तळाचं पाणी ऑक्सिजनच्या बाटलीत घातलं तर त्यातले जंतू थेट नाकात. बोअरचं पाणी असेल तर वर क्षारही भरपूर, बाटलीला आतून पांढरी खरड धरते.

घरच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण ते निर्जंतुक नसतं. फिल्टरची टाकी, तोटी कधी धुतली होती हे आठवून बघा. वीस लिटरच्या जारचं पाणी त्याहून बेभरवशाचं. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायला मिळणारं डिस्टिल्ड वॉटर माणसाच्या श्वासासाठी केलेलं नसतं, ते आणू नका.

मेडिकलमधून स्टराइल किंवा डिस्टिल्ड वॉटर आणा, झाकण उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. ते परवडत नसेल, आणि रोज लागणाऱ्या गोष्टीचा खर्च टोचतो हे मला माहीत आहे, तर स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ ५ मिनिटं उकळा, त्याच पातेल्यात झाकून गार होऊ द्या आणि चोवीस तासांत वापरा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. म्हणून उकळण्यासाठी आरओचं पाणी घेतलं तर दोन्ही साधतं.

बाटलीतलं पाणी रोज पूर्ण ओतून टाका. कमी झालं म्हणून वरून भर घालू नका, कालचं पाणी तळाशी तसंच राहतं. बाटलीवर खालची आणि वरची अशा दोन रेषा असतात, पाणी त्यांच्या मध्ये ठेवा. वरच्या रेषेच्या वर गेलं तर पाणी नळीतून थेट नाकात येतं. रोज साबणाने धुवा, आठवड्यातून एकदा वर सांगितल्याप्रमाणे जंतू मारा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रोगी वाढले, तेव्हा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने दिलेल्या सूचनांत ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे याच बाटलीत, स्वच्छ, निर्जंतुक पाणीच वापरा, असं स्पष्ट होतं. त्या आजाराची मोठी कारणं बेसुमार वाढलेली साखर आणि स्टेरॉइड ही होती. पण घरात मधुमेही असेल तर ही सूचना आजही तितकीच लागू आहे.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. प्रवाह मिनिटाला ४ लिटरपर्यंत असेल तर बऱ्याच रोग्यांना बाटलीची गरजच नसते. आपली हवा कोरडी, त्यामुळे उन्हाळ्यात नाक सुकतं हे खरं, पण त्यावर सलाईनचे थेंबही चालतात.

बाटलीत बुडबुडे येतात, पण नाकाशी हवा लागत नाही.

बहुतेक वेळा बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. आटे नीट जुळवून परत लावा. मग नाकाच्या नळीच्या वर, मोठी नळी बोटांनी घट्ट दाबून धरा. काही सेकंदांत बाटलीच्या झडपेतून शिट्टी वाजली तर जोड घट्ट आहेत. शिट्टी नाही आली तर हवा कुठेतरी निसटते आहे. मशीनवरच्या, प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी बघताना डोळे तिच्या पातळीत आणा, गोळीचा मध्य रेषेवर हवा. उभ्याने वरून बघितलं की आकडा चुकीचा दिसतो.

पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून बुडबुडे बघितले तर हवा येते एवढंच कळतं. तिच्यात ऑक्सिजन किती, ते कळत नाही. चांगलं चालणारं मशीन साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन देतं. तो मोजायचं छोटं यंत्र आम्हा दुरुस्तीवाल्यांकडे असतं. वर्षातून एकदा तरी मोजून घ्या आणि आकडा लिहून मागा. पिवळा किंवा लाल दिवा लागला तर तेव्हाच बोलवा. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं दिवा लागू शकतो, शुद्धता चढायला तेवढा वेळ लागतो.

ऑक्सिजन मशीनचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

बाजूच्या किंवा मागच्या जाळीत काळा स्पंज असतो. पुस्तिकेत आठवड्यातून एकदा लिहिलेलं असतं, आपल्याकडे दोनदा धरा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनी आणि रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात राहणाऱ्यांनी रोज बघावा. साबणाच्या पाण्यात धुवा, दाबून पाणी काढा, पूर्ण सुकू द्या. ओला स्पंज परत घालू नका: मशीन ती ओल आत ओढतं, आणि आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा काढणारे खडे, ओलाव्याने निकामी होतात. ते बदलणं फार खर्चाचं काम आहे. दोन स्पंज ठेवले की प्रश्नच मिटतो. आतले कागदी फिल्टर मात्र स्वतः उघडू नका.

उन्हाळ्यात मशीन गरम होऊन बंद पडतं. खराब झालंय का?

आधी मशीन कुठे ठेवलंय ते बघा. बहुतेक ऑक्सिजन मशीन ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेली असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर आणखी. दुपारी घरातल्या सगळ्यात गार खोलीत मशीन ठेवा. भिंत, पडदा आणि पलंग यांपासून निदान एक फूट मोकळी जागा सोडा. आवाज होतो म्हणून मशीनवर चादर टाकलेली मी पुष्कळदा बघतो. ती आधी काढा. हवा आत यायची आणि गरम हवा बाहेर जायची वाट बंद झाली की मशीन तापणारच. आवाज नको असेल तर मशीन शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळी घ्या. किती लांब चालेल ते पुस्तिकेत असतं.

कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका. कूलर ओली हवा आणि बारीक थेंब फेकतो, झिओलाइटला तेच नको असतं. कूलर रोग्याच्या अंगावर, मशीन त्याच्या झोताबाहेर.

लाइट गेली तर? आणि बिलाचं काय?

पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं. घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ ओढेल हे बॅटरीवर ठरतं. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा, साध्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर घरघरतो आणि तापतो. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. एक्स्टेन्शनच्या वायरवर मशीन नको, सरळ भिंतीतल्या सॉकेटला.

मशीनवर अवलंबून असलेल्या रोग्याच्या घरी भरलेला सिलिंडर हवाच. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १.५ घनमीटर म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने सोडला तर हिशेबाने साडेबारा तास. आठवड्याला एकदा काटा बघा. सिलिंडरच्या तोटीला तेल, ग्रीस, खोबरेल काही लावू नका, शुद्ध ऑक्सिजनशी तेल पेट घेऊ शकतं.

बिलाच्या धास्तीने मशीन मध्येच बंद करणारी माणसं आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते. ज्यांना डॉक्टरांनी दीर्घकाळ ऑक्सिजन सांगितलाय, त्यांना सहसा दिवसातून किमान १५ तास तो घ्यावा लागतो, तरच त्याचा गुण येतो. ३५० वॅटचं मशीन १५ तास चाललं तर सव्वापाच युनिट होतात. तेवढा खर्च धरूनच घरचं गणित बसवा, आणि जमत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

देवघर त्याच खोलीत आहे. समई, उदबत्ती चालेल?

नाही. ऑक्सिजन चालू असताना समई, उदबत्ती, गॅस, विडी-सिगारेट, सगळं निदान १० फूट लांब. एका खोलीच्या घरात हे अवघड जातं, तरी स्वयंपाकाच्या वेळी रोग्याला दाराबाहेर किंवा ओसरीत बसवा. ऑक्सिजन कपड्यात, पांघरुणात मुरतो, त्यामुळे मशीन बंद केल्यावर लगेच विडी पेटवणंही धोक्याचं. नाकाला व्हॅसलीन, बाम, तेल लावू नका. सोलवटलं असेल तर मेडिकलमधून पाण्यात विरघळणारं जेल आणा.

सीपॅपचा मास्क रोज धुवायला कंटाळा येतो. कमीत कमी काय करावं?

रोज सकाळी मास्कची सिलिकॉनची गादी ओल्या कपड्याने पुसा, आणि पाण्याची टाकी रिकामी करून उघडी ठेवा. एवढं तरी चुकवू नका. चेहऱ्याचा तेलकटपणा सिलिकॉनला खातो, मग मास्क गळतो, पट्टे आवळावे लागतात, आणि नाकावर वण पडतो. रात्री तोंड साबणाने धुऊन झोपा. डोक्याला तेल चोपडायचं तर सकाळी.

आठवड्यातून एकदा मास्क, पट्टे आणि मोठी नळी कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. नळी आत पाणी भरून हलवा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, दोरीवर सावलीत टांगा. टाकीत डिस्टिल्ड पाणीच. तळाला पांढरा थर धरला असेल तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवा, मग धुवा. मशीन प्रवासाला नेताना टाकी आधी रिकामी करा. पाणी भरलेलं मशीन बॅगेत आडवं झालं की ते मोटरमध्ये जातं.

पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, महिन्याला बदलायचा.

ओझोनने सीपॅप साफ करणारी डबी ऑनलाइन मिळते. घ्यावी का?

माझं उत्तर नाही असं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, ओझोन आणि अतिनील किरणांच्या अशा सफाई यंत्रांबद्दल इशारा दिला होता. नळीत उरलेला ओझोन श्वासात गेला तर खोकला आणि दमा वाढतो. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो सीपॅप आणि त्याच जातीची बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारी) मशीन परत बोलावली, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. ओझोनने तो फोम अधिक लवकर झिजतो असंही त्यात सांगितलं होतं. त्या आधीचं जुनं मशीन कुणाकडून घेतलं असेल तर त्याचा सिरियल नंबर तपासून घ्या.

पाठीवरचं किंवा खांद्यावरचं छोटं ऑक्सिजन मशीन घेऊन पुण्याला, हैदराबादला जाता येईल का?

डॉक्टरांनी हो म्हटलं तर येईल. त्यातली बरीच श्वास ओढल्यावरच ऑक्सिजन सोडतात, म्हणून त्यांना पाण्याची बाटली नसते आणि ती जोडूही नये. चालताना ऑक्सिमीटरवर आकडा बघून घ्या, कारण असं मशीन सगळ्यांना पुरत नाही. बॅटरी एक जादा ठेवा, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. बाजूची जाळी पिशवीने झाकू नका, बसमध्ये मांडीवर घेतलं तर तिच्यावर पदर, शाल येणार नाही असं बघा. परत आल्यावर जाळी पुसा.

ऑक्सिमीटर एकदम ८२ दाखवतं, पण माणूस बरा दिसतो.

नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का, बोट गार आहे का, सेल संपत आलाय का, ते बघा. बोट चोळून गरम करा, दुसरं बोट लावा, अर्धा मिनिट हात स्थिर ठेवा. आत बोट जातं तिथली काच कोरड्या कपड्याने पुसा. तरीही आकडा तोच राहिला, किंवा ओठ निळसर, बोलताना धाप, गुंगी असं काही दिसलं तर मशीन तपासत बसू नका. सिलिंडर लावा, १०८ ला फोन करा. दुरुस्तीवाल्याला नंतर बोलवा.

आमचे वडील वारले. त्यांचं मशीन कुणाला द्यायचं आहे. कसं द्यावं?

द्या. असं मशीन एखाद्या घरात लगेच उपयोगी पडतं. पण वडिलांच्या अंगाला लागलेलं काहीही त्याबरोबर जाऊ नये: मास्क, नाकाची नळी, लांब नळी, पाण्याची बाटली, नेब्युलायझरचं किट. हे सगळं नवं घ्यायला सांगा. मशीनचं बाहेरचं अंग ओलसर कपड्याने पुसा, स्पंज नवा घाला, आतले फिल्टर बदलून आणि ऑक्सिजन किती टक्के येतो ते मोजून घ्या. पुस्तिका आणि बिल सोबत द्या. वडिलांना टीबी होता असेल तर ते घेणाऱ्याला आणि दुरुस्तीवाल्याला आधी सांगा.

कुणाला द्यायचं हे ठरेपर्यंत मशीन पेटीत बंद करून माळ्यावर टाकू नका. महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवा. न चालवता पडून राहिलेल्या मशीनमध्ये ओल धरते.

भाड्याने मशीन घेणाऱ्यांनीही हेच विचारावं: आधीच्या रोग्यानंतर काय काय बदललं? पिशवी तुमच्यासमोर फोडलेली, नवी नळी दिसली पाहिजे. माझ्याकडून घेत असाल तर मलाही विचारा.

नाकाची नळी कधी बदलायची आणि जुनी कुठे टाकायची?

साधारण दोन आठवड्यांनी, आणि सर्दी-खोकला होऊन गेल्यावर लगेच. टोकं रोज ओल्या स्वच्छ कपड्याने पुसा. कडक झाली, पिवळी पडली, नाकात टोचू लागली तर दोन आठवडे व्हायची वाट बघू नका. टाकताना कात्रीने दोन तुकडे करा, म्हणजे ती धुऊन पुन्हा कुणाच्या हातात जाणार नाही. मग कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळी द्या, ओल्या कचऱ्यात नको.